न पाहिलेल्या चर्चची उत्तरेकडची भिंत

आधी माफी मागतो. ज्या चर्चबद्दल लिहिणार आहे ते मी पाहिलेलं नाही. फ्रान्समधल्या त्या गावी मी कधी गेलो नाही, मला फ्रेंच येत नाही, आणि लिहिणं हा माझा विषयही नाही. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिला. आमच्याकडे लिहिणं म्हणजे पेन्सिलीने भिंतीवर मापं टाकणं. आबा, म्हणजे माझे वडील, गवंडी आहेत, त्यांचे वडीलही गवंडी होते. अशा माणसाने पुस्तकात पानं अडवावीत का, हा प्रश्न मला आहेच. पण गेल्या मे महिन्यातले बारा दिवस मनातून जात नाहीत, आणि ते सांगायचे तर आधी ते चर्च सांगावं लागतं.

मी पेन्सिल्व्हेनियातल्या एका कॉलेजगावात जुन्या इमारतींच्या जतनाचं शिक्षण घेतो. आमच्या प्रोफेसर दर उन्हाळ्यात फ्रान्समधल्या एका खेड्यात जातात. तिथल्या चर्चचं लेझर स्कॅनिंग त्यांनी दोन वर्षांपूर्वी करून आणलं. स्कॅनर प्रत्येक दगडावर लाखो ठिपके मोजतो, आणि त्या ठिपक्यांमधून पडद्यावर अख्खी इमारत धुक्यातून यावी तशी उभी राहते. त्या ठिपक्यांवरून नकाशे काढायचे, हे माझं लॅबमधलं काम. त्या कामावरच माझं इथलं शिक्षण चालतं.

चर्च लहान आहे. एकच लांब दालन, पूर्वेला अर्धगोल गाभारा, पश्चिमेला दार आणि त्यावर घंटेचा बुटका मनोरा. मुळात त्याला लाकडी छप्पर होतं. पुढे केव्हातरी, कित्येक पिढ्यांनंतर, गावाने त्याच भिंतींवर दगडी छत चढवलं. पिंप उभं चिरून पालथं घालावं तशी ती लांबट कमान. लाकडाचं छप्पर भिंतीवर नुसतं बसतं. दगडी कमान भिंतीला बाहेर ढकलत राहते, रोज, न थांबता. म्हणून दक्षिणेकडून बाहेर चार भक्कम दगडी धिरे टेकवले आहेत. उत्तरेकडे भिंतीला लागूनच गावाची उताराची गल्ली आहे, तिथे धिऱ्यांना जागाच नव्हती. मग एका भिंतीपासून दुसरीपर्यंत लोखंडी सळया ताणून बसवल्या. एकूण चार. त्यातल्या दोन नंतर कोणीतरी कापून टाकल्या. का कापल्या ते गावात कोणालाच माहीत नाही. कापलेली टोकं मात्र भिंतीत अजून दिसतात.

गेल्या हिवाळ्यात मी व्हिडिओ कॉलवर आबांना हे चर्च दाखवलं होतं. ते फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, त्यामुळे मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"ही बारकी चौकोनी भोकं कसली रं, ओळीनं?"

"तुम्हीच सांगा."

"आरं परांचीची हायत ती! बांबू घालायला सोडल्याली. बुजवायचं इसरलं बघ." मग आत आईला हाक मारून म्हणाले, "अगं ये हिकडं, परदेशातलं गवंडी बी आपल्यावानीच आळशी."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आबांना माझं शिक्षण पहिल्यांदा समजलं असं वाटलं.

आता माझी चूक सांगतो. स्कॅन एका जागेवरून होत नाही. आतून, बाहेरून, कोपऱ्यांवरून असे तुकडे घेतात आणि नंतर ते जुळवतात. उत्तरेच्या अरुंद गल्लीतून घेतलेला तुकडा नीट जुळत नव्हता. मी जुळवला की ती भिंत वरच्या बाजूला बाहेर झुकायची. आतून काही पडताळावं तर तिथे पुरुषभर उंचीच्या लाकडी फळ्या, आणि वर ओबडधोबड जाड गिलावा. मला वाटलं, जुळणीत माझंच चुकतं आहे. एकदा आमच्या गावी आबांनी स्वतः बांधलेली कमरेएवढी भिंत स्वतःच पाडली होती, कारण दोरीला वजन टांगून बघितल्यावर ती बोटभर ओळंब्याबाहेर गेलेली दिसली होती. मालक नको नको म्हणत होता. मी ते बघत वाढलो. झुकलेली भिंत तशीच सोडणं माझ्या हाताला जमत नाही. मी तो तुकडा हलकेच फिरवला आणि भिंत ओळंब्यात आणली. मग मन शांत झालं. एप्रिलमध्ये नकाशे गेले. प्रोफेसरांनी माझ्या स्वच्छ रेषांचं कौतुक केलं, आणि ते मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

चर्च त्या हिवाळ्यापासून बंद होतं. आत उत्तरेकडे, कमानीच्या बुडाशी एक तडा दिसला होता. गावच्या महापौरांनी (तिथे खेड्यालाही महापौर असतो) एका इंजिनियरकडून पाहणी करून घेतली आणि आमचे नकाशे त्याला दिले. त्याने तडा पाहिला, नकाशे पाहिले आणि सांगितलं की भिंत सरळ आहे, तडा जुना असावा, उघडायला हरकत नाही. सगळं माझ्या नकाशावरून ठरलं नाही. पण माझा नकाशा त्यात होता.

चर्चची किल्ली एका म्हाताऱ्या बाईंकडे असते. त्यांच्या नातीचं लग्न मेच्या शेवटी, शनिवारी, त्याच चर्चमध्ये करायचं ठरलं. त्या आनंदात त्यांनी आतून झाडलोट करून घेतली आणि एक फोटो प्रोफेसरांना पाठवला. लग्नाच्या आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारी प्रोफेसरांनी तो लॅबमधल्या सगळ्यांना पुढे धाडला. वर लिहिलं होतं, "बघा, आपलं चर्च उघडलं."

फोटोत रिकाम्या बाकांच्या रांगा होत्या आणि उत्तरेच्या भिंतीजवळ छतातून लांब साखळीने टांगलेला एक दिवा होता.

मी त्या साखळीकडे बघत बसलो. टांगलेली साखळी म्हणजे ओळंबाच. ती कधी खोटं बोलत नाही. खालून वर फोटो काढला की दोन्ही भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात. दक्षिणेकडची तशी दिसत होती. उत्तरेकडची नव्हती. मी पडद्याला कागदाची कड लावून पाहिली. साखळी आणि भिंत यांच्यामधलं अंतर वर जावं तसं वाढत होतं.

मी मूळ स्कॅन उघडलं आणि तो गल्लीतला तुकडा मी फिरवण्याआधी जसा होता तसा पुन्हा बसवला. वरच्या टोकाला भिंत वीतभर बाहेर होती. वीतभराहून थोडी जास्तच.

मी तेव्हाच उठून प्रोफेसरांच्या खोलीत जायला हवं होतं. खोली त्याच मजल्यावर आहे. मी संगणक बंद केला आणि बसने घरी आलो.

सेमिस्टर संपून गाव रिकामं होत होतं. रस्त्याच्या कडेला लोकांनी टाकून दिलेले सोफे आणि गाद्या पडल्या होत्या. बसमध्ये मी आणि ड्रायव्हर एवढेच. मी मनात म्हणत होतो, फोटोवरून काय कळतं? मला तरी कुठे नक्की माहीत आहे? आणि लगेच पुढचं दिसायचं. बाक भरलेले आहेत, लोक वर बघतायत. लॅबचं काम गेलं तर व्हिसाचं काय, हाही विचार यायचा. लोकांच्या जिवाबरोबर तो विचार एकाच मनात कसा येतो, याची लाज वाटायची. आणि सगळ्यात खोलवर, सांगायला संकोच वाटतो, पण भीती ही होती की आता सगळ्यांना कळेल. इथे यायची माझी लायकी नव्हती, चुकून आलो, हे कळेल.

बुधवारी मी आजारी असल्याचं कळवलं. माझा रूममेट नागपूरचा आहे, कॉम्प्युटर सायन्सला. दुपारी त्याने माझ्यासमोर खिचडीची ताटली ठेवली.

"काय बे गवंडी, ब्रेकअप झालं का?"

मी सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"अबे, म्हणजे तू बग टाकला, तो रिलीज झाला, आणि आता त्याच्याखाली लग्न लागणार?"

"हो."

"आणि तू इथे झोपून राहिला?"

"फोटोवरून नक्की सांगता येत नाही ना यार."

"मग तू पांघरुणात काय करून राहिला?" तो म्हणाला. "मॅडमला मेल टाक. मी टाकू का?"

"उद्या सांगतो. नक्की सांगतो."

 त्याने ताटली माझ्याकडे सरकवली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिला.

गुरुवारी सकाळी आठला मी घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ, आबा कामावरून येऊन हातपाय धूत होते. मी सगळं सांगितलं. 

"भित तू सरळ केलीस? कागदावर?"

"हो आबा."

"कागदावर सरळ केल्याली भित पडायची ऱ्हाती व्हय रं?"

मला रडू आलं. त्यांना ते कळलं असावं, कारण आवाज एकदम कामाचा झाला. साइटवर बोलतात तसा.

"वाकडी हाय ते सोड. वाकडी भित शंभर वर्सं उभी ऱ्हाती. ती चालतीय का, ते बघाय पायजे. तड्यावर काच लावाय सांग. पातळ पट्टी, दोन्ही अंगाला पक्की चिकटवायची. भित हालली की काच तडकती. काच हाय तवर काळजी न्हाई, काच गेली की मानसं भाईर. आणि वर घंटा हाय का?"

"आहे."

"वाजवत्यात?"

"लग्नात वाजवतात. खूप वेळ."

"नको म्हनावं त्यास्नी. घंटेच्या हादऱ्यानं भित हालती, अजिबात नको. आणि तुझ्या बाईस्नी सांगितलंस का?"

"अजून नाही."

"मग माझ्यासंगं काय बोलत बसलायस?" म्हणाले आणि फोन ठेवला.

आमच्या गावी शेजारच्या घराच्या भिंतीवर आबांनी लावलेली एक काच आहे. मी पाचवीत असल्यापासून ती तशीच आहे, धूळ खात. बस येईपर्यंत मी त्या काचेचाच विचार करत उभा होतो.

इथे सगळे प्रोफेसरांना नावाने हाक मारतात. मला ते अजून जमत नाही. मी दारात उभा राहून "प्रोफेसर" म्हणालो. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि भिंतीचे दोन्ही उभे छेद दाखवले, मी पाठवलेला आणि खरा.

"किती?" त्यांनी विचारलं.

"वरच्या टोकाला वीतभर." मग मापात सांगितलं.

"तुला हे कधी दिसलं?"

"मंगळवारी."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज तिथे सणाची सुट्टी आहे. उद्याचा दिवस लोक जोडून घेतात. म्हणजे आता सोमवार. काल सांगितलं असतंस तर..." एवढं बोलून थांबल्या आणि फोन उचलला.

महापौरांच्या कचेरीत घंटी वाजत राहिली. मग एका बाईचा टेप केलेला आवाज आला. भाषा कळली नाही तरी तिथे कोणी नाही हे कळलं. इंजिनियरचा फोन बंद. किल्लीवाल्या बाईंकडे फक्त ईमेल होता, आणि तो त्यांची भाची येईल तेव्हा वाचून दाखवी. प्रोफेसरांनी तिघांनाही लिहिलं. चूक आमच्या लॅबची आहे, असं लिहिलं. माझं नाव घातलं नाही.

मी भीत भीत काचेचं सांगितलं, आणि घंटेचंही. मला वाटलं, हसतील.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी. ते गवंडी आहेत." दोन वर्षांत मी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"तिथले जुने गवंडीही हेच करतात," त्या म्हणाल्या आणि पत्रात दोन ओळी वाढवल्या. पाठवण्याआधी मला विचारलं, "काच किती जाड?" मी म्हटलं, "पातळ. फोटोच्या चौकटीची असते तशी."

पुढचे तीन दिवस उत्तर आलं नाही. मी रोज लॅबमध्ये जाऊन उरलेले नकाशे पुन्हा तपासत होतो. प्रत्येक भिंत, प्रत्येक तुकडा. जिथे जिथे माझ्या हाताने काही सरळ केलं होतं, ते शोधत होतो. आणखी दोन जागा निघाल्या, किरकोळ. एक दाराची चौकट होती, दुसरी गाभाऱ्याची पायरी. त्याही प्रोफेसरांना दाखवल्या. "बरं," म्हणाल्या.

त्या दिवसांत मला इथल्या इमारतींचीही भीती वाटायला लागली. लायब्ररीच्या जिन्यात एक बारीक तडा आहे, रंगाचाच आहे, पण मी त्यावर बोट फिरवून बघायचो. पार्किंगच्या मजल्याखालून जाताना पाय आपोआप भरभर पडायचे. रूममेट म्हणाला, "भाई, आता तू आपल्या अपार्टमेंटला पण काच लावशील." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "सॉरी यार. आज डाळभात मी करतो."

सोमवारी उत्तर आलं. महापौरांनी पत्र वाचलं होतं. इंजिनियर दुसरीकडे कामात अडकला होता, पुढच्या आठवड्याआधी येऊ शकत नव्हता. पाहुण्यांची तिकिटं झाली होती आणि जेवणाचा मांडव ठरला होता. किल्लीवाल्या बाईंनी घरातल्या एका तसबिरीची काच काढून दिली, गावातल्या एका माणसाने त्यातून पट्टी कापून ती तड्यावर प्लास्टरने बसवली. रोज सकाळ-संध्याकाळ बाई स्वतः बघणार होत्या. काच टिकली तर लग्न आतच. घंटेचं नंतर बघू.

प्रोफेसरांनी लगेच लिहिलं की थांबू नका, चर्च आत्ताच बंद करा. संध्याकाळपर्यंत एका ओळीचं उत्तर आलं, आभारी आहोत, आमचं लक्ष आहे.

मंगळवार, बुधवार, गुरुवार काहीच आलं नाही. प्रोफेसर रोज फोन लावत होत्या. कचेरीतल्या बाई सांगायच्या, काच आहे. एवढंच. मी आबांना फोनवर विचारलं की काच किती दिवसांत तडकते.

"ते भितीला इचार," ते म्हणाले. मग विचारलं, "जेवतोयस ना?"

आबा आयुष्यभर शब्द जपून वापरणारे. त्यांनी त्या आठवड्यात मला चार वेळा फोन केला, आणि चारही वेळा शेवटी विचारलं, "आली का खबर त्या पोरीच्या लग्नाची?" जणू आमच्या भावकीतलंच लग्न.

शुक्रवारीही काच आहे असंच कळलं. लग्न शनिवारी दुपारी तीनला होतं. इथले सकाळचे नऊ.

शनिवारी मी सहालाच उठलो. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. एक शेवटचा आधार माझ्याजवळ होता, की काच आहे. आणि तोच टोचत होता. प्लास्टर ओलं राहिलं असेल तर? चिकटलंच नसेल तर भिंत हलेल आणि काच तशीच राहील. जाडी सांगितली होती, गिलावा खरवडून दगडावर चिकटवा हे मी सांगितलंच नव्हतं. आबांनी "पक्की" म्हटलं होतं. पत्रात तो शब्द गेला होता का, मला आठवेना. पत्र शोधून काढलं. फ्रेंचमध्ये होतं. वाचता येईना.

साडेआठला रूममेट उठून आला. त्याने चहा ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. पावणेनऊ झाले. नऊ. बाहेर कोणीतरी गवत कापायचं यंत्र चालू केलं. त्या आवाजाने मी दचकलो, कारण मी घंटेचा आवाज कसा असेल ते ऐकायचा प्रयत्न करत होतो. तीन हजार मैलांहून जास्त अंतरावरून.

नऊ वाजून वीस मिनिटांनी प्रोफेसरांचा मेल आला. किल्लीवाल्या बाईंच्या भाचीने लिहिलेलं पत्र त्यांनी इंग्रजीत करून धाडलं होतं. वर स्वतःचं काहीच लिहिलं नव्हतं. मला वाचायचा धीर होईना, म्हणून रूममेटने मोठ्याने वाचलं.

सकाळी मावशी फुलं ठेवायला गेल्या, तेव्हा काच मधोमध तडकलेली होती. त्यांनी फुलं उचलली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून पायरीवर बसल्या. महापौर समजावायला आले, तरी उठल्या नाहीत. गल्ली दोन्ही बाजूंनी बंद केली आहे. लग्न चौकात झाडाखाली लागतं आहे. घंटा वाजवलेली नाही. आत कोणी नाही.